पेक्स नळीचा क्रिंप जोड: एकदाच दाबावा आणि लगेच मोजावा

अमेरिकेत लाकडी सांगाड्याचे घर घेतले आणि तळघरात उतरून वर पाहिले, की छताच्या तुळयांमधून गेलेल्या लाल आणि निळ्या नळ्या बहुधा दिसतात. तांब्याच्या नळांची जागा तिथल्या बऱ्याच घरांत आता या लवचीक प्लास्टिकच्या नळीने घेतली आहे आणि तिला सगळे पेक्स म्हणतात. जीआय नळाच्या आट्यांवर सुतळी आणि सफेदा गुंडाळणारा, किंवा सीपीव्हीसीला सॉल्व्हंट फासून सॉकेटमध्ये बसवणारा प्लंबर पाहत जो लहानाचा मोठा झाला, त्याला पेक्सचा जोड पहिल्यांदा पाहताना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. इथे ना सॉल्व्हंट, ना टेफ्लॉन टेप, ना रबराची चकती. पितळेच्या दातेरी तुकड्यावर, म्हणजे फिटिंगवर, नळी सरकवायची, वरून तांब्याची कडी दाबायची (या दाबण्यालाच क्रिंप म्हणतात) आणि काम संपले.

हे सोपेपण खरे आहे, पण ते थोडे फसवेही आहे. कडी दाबायला फारसे कौशल्य लागत नाही. लांब दांड्यांचे हत्यार ते काम आपोआप करते. जोड टिकणार की गळणार हे नळी कशी कापली, कडी कुठे ठेवली आणि दाबल्यावर ती मोजली की नाही, यावर ठरते. यांतली मोजणी बहुतेक हौशी लोक गाळतात आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे.

काम हाती घेण्याआधी आपल्या गावच्या बांधकाम खात्यात दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: घरमालकाला स्वतःच्या घरातले नळकाम करण्याची मुभा आहे का, आणि त्यासाठी परवाना व तपासणी लागते का. हे नियम राज्यागणिक आणि गावागणिक बदलतात.

जोड पाणी कसे अडवतो

पेक्स म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बांधलेले पॉलिएथिलीन. साधे पॉलिएथिलीन गरम पाण्याने मऊ पडते आणि सतत दाबाखाली राहिले तर हळूहळू पसरत जाते. आडव्या बंधांमुळे पेक्सचे तसे सहजी होत नाही; ते चेपले किंवा ताणले तरी आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहते. सगळा जोड या ओढीवर उभा आहे. कडी दाबली की नळीची भिंत बाहेरचे तांबे आणि आतले पितळ यांच्यामध्ये चेपली जाते, प्लास्टिक पितळेच्या दात्यांमधल्या खाचांत शिरते आणि परत फुगण्याच्या धडपडीत पितळेला कायम चिकटून राहते. पाणी अडवणारा हा दाब एका क्षणाचा नसतो. भिंतीआड तो वर्षानुवर्षे चालू राहतो.

त्यामुळे कडी कमी दाबली गेली तर काय होईल हे उघड आहे, पण ती जास्त दाबली गेली तरी जोड बिघडतो, हे चटकन लक्षात येत नाही. प्रमाणाबाहेर आवळलेल्या कडीखाली नळीची भिंत पातळ होते, प्लास्टिक कडीच्या दोन्ही कडांना बाहेर ढकलले जाते, आणि फिटिंग प्लास्टिकचे असेल तर तेच तडकण्याची भीती असते. आट्यांच्या नळाला ‘अजून एक पाव फेरा देऊन बघू’ म्हणणारा हात इथे आवरावा लागतो. दाबलेल्या कडीचा बाहेरचा व्यास अर्ध्या इंची नळीसाठी ०.७०० ते ०.७१५ इंच, म्हणजे साधारण १७.८ ते १८.२ मिलिमीटर असावा लागतो. पाऊण इंची नळीसाठी तो ०.९४५ ते ०.९६० इंच आणि एक इंची नळीसाठी १.१७५ ते १.१९० इंच असतो. तिन्ही मापांत वरची आणि खालची मर्यादा यांच्यातले अंतर अवघे १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) आहे, म्हणजे एका जाड व्हिजिटिंग कार्डाइतके. हा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला जाणवतही नाही.

सामान घेताना

अर्धा इंच हे पेक्सचे नावाचे माप आहे. अशा नळीचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात ०.६२५ इंच भरतो आणि पाऊण इंची नळीचा ०.८७५ इंच. ही मापे तांब्याच्या नळांच्या मापांशी जुळवून घेतलेली आहेत आणि नळीच्या भिंतीची जाडी बाहेरच्या व्यासाच्या नवव्या हिश्शाइतकी असते. दुकानात मोजपट्टी लावून ‘ही तर पाच अष्टमांश दिसते’ म्हणत परत ठेवली जाणारी नळी बहुधा आपल्याला हवी असलेलीच असते. नळीवर ठरावीक अंतराने छापलेली ओळ मात्र शांतपणे वाचावी. तीत एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेचे एफ ८७६ हे प्रमाण, पिण्याच्या पाण्याला चालते अशी खूण आणि दाबाची मर्यादा असते. ही मर्यादा ७३ अंश फॅरनहाइटला १६० पीएसआय (दर चौरस इंचावरचे पौंड) आणि १८० अंशांना १०० पीएसआय असते. त्याच ओळीत ५१०६ किंवा ५३०६ असा चार आकड्यांचा संकेत असतो. त्यातला पहिला आकडा क्लोरीनला तोंड देण्याची ताकद सांगतो आणि दुसरा उन्हाला तोंड देण्याची. दुसऱ्या जागी १ असेल तर एक महिना, ३ असेल तर सहा महिने. लाल, निळा, पांढरा हे रंग फक्त आपल्या सोयीसाठी आहेत. निळ्या नळीतून गरम पाणी नेले तर नळीचे काही बिघडत नाही. बिघडते ते पुढच्या दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचे डोके.

पेक्स ए, बी आणि सी अशा तीन तऱ्हांनी बनते. आडवे बंध कोणत्या पद्धतीने घातले यावरून ही अक्षरे पडली आहेत आणि क्रिंपचा जोड तिन्हींवर चालतो. गोंधळ होतो तो फिटिंगमध्ये. दुकानात एकाच भिंतीवर दोन निराळ्या पद्धतींची फिटिंगे टांगलेली असतात. एएसटीएम एफ १८०७ लिहिलेले पितळी आणि एफ २१५९ लिहिलेले प्लास्टिकचे फिटिंग क्रिंपसाठी असते. एफ १९६० लिहिलेले फिटिंग नळी आधी फुगवून बसवायच्या पद्धतीचे असते, त्याचे टोक जाड असते, आणि त्यावर तांब्याची कडी दाबून काहीही साधत नाही. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, पण एका जोडात एकच वापरावी लागते.

पितळी फिटिंग घेताना ते शिसेरहित असल्याची खूण पाहावी. ४ जानेवारी २०१४ पासून अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगसाठी पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागांत सरासरी ०.२५ टक्क्यांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात आधीच्या मालकाने ठेवलेल्या डब्यातली फिटिंगे त्याआधीची असू शकतात, म्हणून ती स्वयंपाकघराच्या नळाला लावू नयेत. जस्ताचे प्रमाण जास्त असलेल्या जुन्या पितळात आणखी एक दोष निघतो. काही ठिकाणच्या पाण्यात त्यातले जस्त हळूहळू निघून जाते, फिटिंगवर पांढरट खपली धरते आणि धातू पोकळ, ठिसूळ होत जातो. जुन्या जोडावर अशी खपली दिसली तर नुसती कडी न बदलता फिटिंगच बदलावे.

घर १९७८ ते १९९५ या काळातले असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. त्या काळात पॉलिब्युटिलीनची बहुधा राखाडी नळी घराघरांत घातली गेली, आणि फुटणाऱ्या नळ्या व फिटिंगांमुळे ती इतकी बदनाम झाली की पुढे वापरातूनच गेली. दिसायला ती पेक्सची थोरली बहीण वाटते, पण तिचे आतले माप वेगळे आहे. पेक्सचे साधे सॉकेट तिच्यात बसवू नये. एका टोकाला पॉलिब्युटिलीनचे आणि दुसऱ्या टोकाला पेक्सचे माप असलेले खास सॉकेट वेगळे मिळते आणि दोन्ही टोकांच्या कड्याही वेगळ्या असतात.

हत्यारे

नळी कापण्यासाठी रुंद पात्याची, कात्रीसारखी नळीकात्री हवी. हॅकसॉने कापले की कडेला प्लास्टिकचे तंतू राहतात आणि काप तिरका जातो. क्रिंपिंगचे हत्यार लांब दांड्यांचे असते; काहींना प्रत्येक मापासाठी वेगळे जबडे बदलावे लागतात. भिंतीतली उभी लाकडे बहुधा मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर असतात, म्हणजे मधली जागा साधारण साडेचौदा इंचांची उरते आणि तिथे लांब दांड्या पुऱ्या उघडत नाहीत, म्हणून शक्य तेवढे जोड आधी बाकावर करून मग ती जुळणी भिंतीत न्यावी. चुकलेली कडी कापून काढायचे छोटे हत्यारही जवळ असू द्यावे. ते लागणार नाही असे वाटते, आणि ते लागतेच.

गेज म्हणजे कडेला खाचा पाडलेली एक पातळ पोलादी पट्टी. पुण्या-पिंपरीकडच्या कारखान्यांत काम केलेल्यांना ती लगेच ओळखू येईल, कारण गो आणि नो-गो गेजचेच हे धाकटे रूप आहे. गो खाच कडीवर सरकली पाहिजे आणि नो-गो खाच सरकता कामा नये. गो सरकली नाही तर कडी कमी दाबली गेली आहे. नो-गो सरकली तर जास्त. गेज नसेल तर डिजिटल व्हर्नियर चालतो, पण अंधाऱ्या तळघरात पाठीवर झोपून आकडे वाचण्यापेक्षा खाच जाते की अडते हे बोटांना कळणे सोपे जाते.

पाणी बंद करण्यापूर्वी टाकाऊ नळीच्या तुकड्यावर एक जोड करून गेज लावावे. हत्यार नवे असले तरी हे करावे. बहुतेक क्रिंपरला दाब कमी-जास्त करण्याचा स्क्रू असतो. गेज नाही म्हणाले तर हत्यारासोबतच्या कागदाप्रमाणे तो थोडा फिरवावा, नव्या कडीवर नवा जोड करावा आणि पुन्हा मोजावे. दिवसभराच्या कामात हत्यार कधी हातातून पडले, तर तिथेच थांबून हीच तपासणी पुन्हा करावी.

जोड करताना

मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, घरातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा नळ उघडून लाइन रिकामी होऊ द्यावी, आणि हीटरपाशी काम असेल तर हीटर आधी बंद करून पाणी निवू द्यावे. पेक्सच्या बाजूने तांब्याला झाळकाम करायचे असेल तर ते आधी उरकावे. आट्यांचे अॅडॉप्टर घट्ट करायचे असेल तर तेही आधीच करावे, म्हणजे नंतर पाना फिरवताना कडीखालची नळी पिळवटत नाही. टेफ्लॉन टेप आट्यांच्या बाजूलाच लावावी. दातेरी बाजूला टेप, साबण, तेल किंवा सीलंट यांपैकी काहीही लावू नये. तिथे पितळ आणि प्लास्टिक एकमेकांना कोरडे भेटले पाहिजेत.

नळी नळीकात्रीने काटकोनात कापावी. काप तिरका असला की नळीची एक बाजू फिटिंगच्या खांद्याला, म्हणजे दात्यांपलीकडच्या उंच कडेला, टेकते आणि दुसरी दोन-तीन मिलिमीटर मागे राहते, म्हणजे कडी एका बाजूने बरोबर जागी आणि दुसऱ्या बाजूने दात्यांच्या कडेशी जाते. कापलेले टोक डोळ्यांसमोर धरून पाहावे. नळी बराच काळ गुंडाळलेली असेल तर टोक किंचित लंबगोल असते, ते बोटांनी दाबून गोल करून घ्यावे. नळीवर ओरखडा, चपटा भाग किंवा छपाईचा उठाव असेल तर तेवढा तुकडा कापून पुढच्या स्वच्छ भागावर जोड करावा. जानेवारीत गॅरेजमध्ये पडून राहिलेली नळी लाकडासारखी कडक होते. तिला रात्रभर घरात ठेवली की सकाळी ती ऐकू लागते. ज्योतीने किंवा हीट गनने ती मऊ करायच्या फंदात पडू नये.

आता कडी आधी नळीवर चढवावी आणि मगच फिटिंग आत ढकलावे. हा क्रम सगळ्यांना ठाऊक असतो, तरी तो उलटा होतो. दोन्ही टोके पक्क्या जागी असलेल्या लाइनमध्ये मधले सॉकेट बसवताना तर दोन्ही बाजूंच्या कड्या आधी चढवल्या नाहीत, तर सगळे पुन्हा उपसावे लागते. फिटिंग खांदा टेकेपर्यंत आत जायला हवे. शेवटच्या पाव इंचाला बरीच ताकद लागते. तिथे नळी एका हाताने घट्ट धरून फिटिंग थोडे फिरवत सरळ ढकलावे. हातोड्याने ठोकू नये, कारण दात्यांनी नळीच्या आतल्या बाजूला ओढलेले ओरखडे बाहेरून दिसत नाहीत.

नळी खांद्याला टेकली की कडीची जागा ठरवावी. नळीच्या कापलेल्या टोकापासून कडीच्या जवळच्या कडेपर्यंत एक अष्टमांश ते एक चतुर्थांश इंच, म्हणजे साधारण तीन ते सहा मिलिमीटर अंतर हवे. हे अंतर कडी दात्यांच्या मधोमध येण्यासाठी ठरवलेले आहे. टोकाच्या अगदी जवळ दाबलेली कडी घसरून बाहेर येऊ शकते, आणि फार मागे गेलेली कडी दाते संपतात तिथली नुसती नळी चेपते. कडी जागेवरून सरकू नये म्हणून पक्कडीने तिला हलकासा चिमटा घ्यावा. तेवढ्याने ती नळीला धरून राहते आणि हत्यार लावताना निसटत नाही. मी नळीवर कडीच्या दोन्ही कडांना मार्करने बारीक रेघ मारतो, म्हणजे दाबताना कडी हलली का, हे नंतर दिसते.

हत्यार लावताना जबडे कडीच्या मधोमध आणि नळीला काटकोनात असले पाहिजेत, आणि कडी पूर्ण रुंदीने जबड्यांत मावली पाहिजे. दांड्या पूर्ण मिटेपर्यंत एका दमात दाबावे. हत्यार अर्ध्यावर सोडून ‘नीट लागतेय का’ हे बघायला उघडू नये, आणि एकदा दाबलेल्या कडीवर हत्यार थोडे फिरवून दुसऱ्यांदा दाबू नये. पहिल्या दाबात तांब्याने घेतलेला आकार दुसऱ्या दाबात गोल राहत नाही. त्याला कोपरे येतात आणि गेजची मोजणी निरर्थक होते. हत्यार तिरके लागले तर कडीच्या एका कडेला चंद्रकोरीसारखी खूण उठते. ती दिसली की तो जोड गेला असे समजावे.

गेज लगेच, त्याच जागी, पुढच्या कडीला हात लावण्याआधी लावावे. जबडे जिथे मिटतात तिथे तांब्यावर बारीक उंचवटा राहतो. त्याच्यावर मोजू नये, त्याच्या आजूबाजूला मोजावे. एकदा एका दिशेने आणि नंतर पाव वळसा देऊन दुसऱ्या दिशेने, असे दोनदा पाहावे. दोन्ही वेळा गो गेली आणि नो-गो अडली, की कडीवर मार्करने ठिपका द्यावा.

ठिपक्याची सवय का लागली

न्यू जर्सीतल्या माझ्या घरात कपडे धुण्याच्या यंत्राची लाइन मी स्वतः बदलली होती. एल्बो, टी आणि व्हॉल्व्ह धरून चौदा जोड होते आणि त्यांतले तेरा मी दाबले. चौदावा एका उभ्या लाकडाच्या मागे होता. कडी चढवली, फिटिंग खांद्यापर्यंत ढकलले, आणि तेवढ्यात फोन आला. परत आल्यावर मी पुढच्या टोकापासून काम सुरू केले. पाणी सोडले तेव्हा एक थेंबही पडला नाही, आणि खरे आश्चर्य तेच आहे: नुसत्या दात्यांच्या पकडीवर नळी घरातल्या दाबाला काही काळ धरून राहू शकते. दोन दिवस मी रोज टॉर्च घेऊन पाहत होतो आणि स्वतःवर खूश होतो. तिसऱ्या दिवशी यंत्राने पाणी भरून झाल्यावर आपला व्हॉल्व्ह फटकन मिटला, नळात नेहमीसारखा ठोका बसला, आणि त्या ठोक्याने नळी फिटिंगवरून सुटली. मुख्य व्हॉल्व्ह गाठेपर्यंत तळघरातला गालिचा भिजला होता. कडी तशीच गोल, चकचकीत आणि न दाबलेली, नळीवर सैल लोंबत होती.

तेव्हापासून ज्या कडीवर ठिपका नाही ती दाबलेली नाही, असे मी धरतो. पाणी सोडण्याआधी जोड मोजण्याऐवजी ठिपके मोजतो, आणि तो आकडा कामाआधी कागदावर लिहिलेल्या जोडांच्या आकड्याशी जुळला पाहिजे.

चुकलेला जोड कसा काढावा

गेजने नाकारलेली कडी दुरुस्त होत नाही. ती कापून काढावी लागते. कडी कापायच्या हत्याराने किंवा छोट्या फिरत्या पात्याने तांबे जवळजवळ पूर्ण कापावे, पण नळीच्या आत जाऊ नये. मग स्क्रूड्रायव्हरने फट रुंदावून कडी उघडावी आणि नळी फिटिंगवरून ओढून काढावी. ती सहसा हट्टाने चिकटलेली असते. फिटिंग टाकून द्यायचेच असेल तर ठीक, नाहीतर नळीला लांबीत सुरीची चीर देण्याचा मोह टाळावा, कारण सुरीचे टोक पितळेच्या दात्यांवर ओरखडा उमटवते आणि त्या ओरखड्यातून नव्या जोडातही पाणी वाट काढते. पितळी फिटिंगचे दाते नखाने चाचपून पाहावेत. ते गुळगुळीत आणि अखंड असतील तर फिटिंग पुन्हा वापरता येते. प्लास्टिकचे फिटिंग मात्र एकदा दाबले गेले की पुन्हा वापरू नये. नळीचा चेपलेला भाग कापून टाकून नव्या टोकावर नवी कडी लावावी. याचसाठी नळी पहिल्यांदा कापताना चार बोटे जास्त ठेवणे शहाणपणाचे ठरते.

तांब्याच्या कडीऐवजी कानाची स्टेनलेस कडीही त्याच एफ १८०७ फिटिंगवर चालते. तिचे प्रमाण एफ २०९८ आहे. तिच्या वरच्या उंच कानाला हत्यार लावून तो चिमटायचा असतो, एकच हत्यार सगळ्या मापांना चालते, आणि कोपऱ्यातल्या जागेत ते समोरून लावता येते. त्याचा रॅचेट, म्हणजे मागे न फिरू देणारी दातेरी खिटी, पूर्ण दाब झाल्याशिवाय सुटत नाही. अडचणीच्या जागी मी हीच कडी वापरतो. ही पद्धत निवडली तरी टोकापासूनचे अंतर आणि एकदाच दाबण्याचा नियम तोच राहतो. तपासणी मात्र तिच्या बनवणाऱ्याने दिलेल्या गेजने आणि सूचनेप्रमाणे करावी.

नळीची वाट

चांगला जोडही चुकीच्या वाटेमुळे मरतो. फिटिंगच्या तोंडाशीच नळी वळवली तर कडीच्या एका बाजूवर कायमचा ताण राहतो, म्हणून जोडापासून थोडे अंतर नळी सरळ जाऊ द्यावी आणि वळण बाहेरच्या व्यासाच्या आठपटीपेक्षा घट्ट घेऊ नये. अर्ध्या इंची नळीला हा वळणाचा अर्धव्यास पाच इंच होतो. त्यापेक्षा घट्ट वळणाला एल्बो लावावा. नळीला मुरड पडून घडी बसली तर ती जागा कापून सॉकेट घालावे.

पेक्स तापमानाने बरीच वाढते: १०० फूट लांबीला दर १० अंश फॅरनहाइटमागे साधारण एक इंच. गरम पाण्याची लाइन तारेसारखी ताणून बांधली की ती हिवाळ्यात आखडून जोडाला ओढते. म्हणून नळी थोडी सैल सोडावी, आडवी नळी दर ३२ इंचांना धरावी, आणि क्लिप अशी असावी की नळी तिच्यात मागेपुढे सरकेल. गॅसच्या हीटरला पेक्स थेट जोडू नये; आधी १८ इंच धातूचा नळ असावा, असा नियम बहुतेक ठिकाणी आहे. लाकडातून जाताना नळी कडेच्या जवळ असेल तर तिथे पोलादी पट्टी ठोकावी, नाहीतर पुढे कोणीतरी तसबीर टांगायला ठोकलेला खिळा थेट नळीत शिरेल. नळी उन्हात पडू देऊ नये.

पाणी सोडताना

भिंत बंद करण्याआधी लाइन दाबाखाली तपासावी. मुख्य व्हॉल्व्ह एकदम न उघडता थोडा उघडावा, सर्वांत वरचा नळ सुरू ठेवून हवा निघून जाऊ द्यावी आणि मग तो नळ बंद करावा. यंत्राच्या किंवा बागेच्या नळाला दाबमापक लावता येतो. घरात ८० पीएसआयपेक्षा जास्त दाब दिसला तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवायला हवा. चाचणीसाठी मुख्य व्हॉल्व्ह बंद करून काटा पाहावा. सुरुवातीला तो थोडा खाली येतो आणि लोक घाबरतात, पण नळी लवचीक असल्याने दाबाखाली किंचित फुगते आणि पाण्याचे तापमान बदलले तरी काटा हलतो. दाब एकदा-दोनदा पूर्ववत करावा. त्यानंतर काटा थांबला पाहिजे. तो खाली येतच राहिला तर आधी शौचालयाची टाकी आणि गळके नळ तपासावेत, मग जोड.

प्रत्येक जोडाखाली कागदी रुमाल फिरवावा. बारीक ओल डोळ्यांना दिसत नाही, पण कागदावर तिचा डाग लगेच उमटतो. लाइन गरम पाण्याची असेल तर अर्धा तास गरम पाणी वाहू द्यावे, नंतर लाइन थंड होऊ द्यावी आणि कागद पुन्हा फिरवावा. गरम असताना कोरडा असलेला जोड थंड झाल्यावर ओला सापडणे हे कडी सैल असल्याचे लक्षण असते. कपडे धुण्याचे यंत्र जोडलेले असेल तर ते दोन-तीनदा भरू द्यावे, कारण व्हॉल्व्ह मिटतानाचा ठोका हीसुद्धा एक चाचणी आहे. भिंत किमान काही दिवस उघडी ठेवावी.

आणि प्लास्टरबोर्ड लावण्याआधी प्रत्येक उघड्या भागाचा मोजपट्टी लावून फोटो काढावा: जमिनीपासून किती इंच, कोपऱ्यापासून किती इंच, आणि कडीवरचा ठिपका दिसेल असा.